थार की बोलेरो? आधी रस्ता ठरवा, मग गाडी
सुट्टीला रानावनात, घाटात, बॅकवॉटरला फिरायला परवडणारी गाडी कशी निवडायची? सोलापूर जिल्ह्यातल्या जमिनीचा, पैशाचा आणि कागदपत्रांचा सविस्तर हिशेब

सोलापूर : ऊस, कांदा किंवा डाळिंबाचे पैसे हातात आले की घरात चारचाकीचा विषय निघतो. आजकाल त्यात तरुण पोरांची एक वेगळी मागणी असते. गाडी नुसती लग्नाला आणि दवाखान्याला जाणारी नको, शनिवार-रविवारी रानात, डोंगरात, नदीकाठी घालता येणारी पाहिजे. मोबाईलवर लडाखच्या वाळूत आणि कोकणातल्या चिखलात उड्या मारणाऱ्या गाड्या रोज दिसतात. मग कर्ज काढून फोर बाय फोर घेतली जाते आणि वर्षभरात तिचा तो दांडा एकदाही हलत नाही.

चूक गाडीत नसते, प्रश्नात असते. "कुठली गाडी भारी?" असं विचारण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : जायचं कुठं, वर्षातून किती वेळा आणि किती माणसं घेऊन. याची उत्तरं मिळाली की निम्म्या गाड्या आपोआप यादीतून गळतात आणि दोन-चार लाख रुपये वाचतात.

आपल्या जिल्ह्यातली जमीन काय मागते?

सोलापूर म्हणजे हिमालय नाही. हत्तरसंग कुडलचं भीमा-सीना संगमावरचं देऊळ आणि तिथला शके ९४० चा मराठी शिलालेख, माचणूरचा किल्ला आणि सिद्धेश्वर मंदिर, करमाळ्याची कमलाई, जिल्ह्याबाहेर नळदुर्ग, परांडा, शिखर शिंगणापूर, येडशीचं रामलिंग. सुट्टीला लोक जातात त्या या बहुतेक ठिकाणांपर्यंत डांबरी रस्ता जातो. अडचण येते ती शेवटच्या तुकड्यात, पाणंद रस्त्यावर किंवा नदीकडे उतरणाऱ्या गाडीवाटेवर.

तिथं तीन प्रकारची जमीन भेटते.

पहिली काळी माती. मंगळवेढा, बार्शी, दक्षिण सोलापूर भागात ती जास्त. उन्हाळ्यात ही जमीन कडक असते, तिच्यावरून साधी कारसुद्धा जाते. पाऊस पडला की हीच माती फुगते, चिकट होते आणि टायरच्या खाचांत गच्च बसते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत झाला, मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागेवरच. इथं वीस लाखांची फोर बाय फोरही फसते. शेतकऱ्याला याचा उपाय कुणी शिकवायला नको. वाफसा आल्याशिवाय आपण पेरणी करत नाही, तसं वाफसा आल्याशिवाय गाडीही काळ्या रानात घालू नये. एक-दोन दिवस थांबणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दुसरी मुरमाड आणि खडकाळ जमीन. सांगोला, करमाळा, माळशिरसचा पश्चिम भाग, बार्शीकडच्या बालाघाटाच्या रांगा. इथं चिखल कमी, पण दगड आणि घळी जास्त. अशा जागी गाडीच्या पोटाची उंची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, आणि टायरची बाजू मजबूत असणं महत्त्वाचं. दोन चाकांच्या ओढीची गाडी इथं बरंच काम करते.

तिसरी उजनीचा गाळ. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटतं आणि मोकळं मैदान दिसतं. वरून ते वाळलेलं, भेगा पडलेलं दिसतं, पण आत ओला गाळ असतो. गाळपेर करणाऱ्या लोकांना कुठली जमीन धरते आणि कुठली गिळते ते माहीत असतं. त्यांना विचारल्याशिवाय गाडी काठाच्या पुढं नेऊ नये, मग ती कुठल्याही कंपनीची असो.

फोर बाय फोर, लो गिअर, डिफ लॉक : ट्रॅक्टरवरून समजून घ्या

शोरूममध्ये ऐकू येणारे हे शब्द ट्रॅक्टरवाल्याला नवे नाहीत.

ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गेलं की तेच गरगर फिरतं आणि दुसरं, कोरड्या जागेवरचं चाक गप्प उभं राहतं. डिफरन्शियलची रचनाच अशी असते की जिकडं पकड कमी तिकडं फिरणं जास्त. मग आपण पायाजवळचं डिफ लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो. गाडीतलं डिफ लॉक हेच काम करतं.

ट्रॅक्टरच्या हाय-लो दांड्यासारखाच फोर बाय फोर गाडीतला लो गिअर असतो. वेग कमी, ताकद जास्त. उभ्या चढावर, दगडातून हळू चालताना किंवा फसलेली गाडी काढताना तो लागतो.

फोर बाय फोर म्हणजे पुढच्या चाकांनाही ओढ देणं, फोर व्हील ट्रॅक्टरसारखं. थार, जिम्नी, जिप्सी यांसारख्या गाड्यांमध्ये ही ओढ गरजेपुरती लावायची असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती चालू ठेवून वळणं घेतली तर गिअरच्या भागांवर ताण येतो आणि खर्च वाढतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. फोर बाय फोर गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक दोन्ही गाड्यांचे सारखेच आणि ओल्या उतारावर दोन्ही सारख्याच घसरतात.

कुठली गाडी कुणासाठी?

बोलेरो : २००० सालापासून बाजारात आहे. मागच्या चाकांची ओढ, मजबूत चॅसी, सुमारे १८० मिलिमीटर क्लिअरन्स. तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही ती डोळे झाकून खोलतो आणि पार्ट सगळीकडं मिळतात. घरात पाच-सात माणसं, आठवडाभर शेताची आणि बाजाराची कामं, सुट्टीला देवदर्शन आणि नदीकाठ असा वापर असेल तर बहुतेक कुटुंबांना यापेक्षा जास्त लागत नाही. बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये मागच्या चाकांना आपोआप लागणारं मेकॅनिकल लॉक मिळतं. चिखलात एक चाक फिरायला लागलं की त्याचा फायदा होतो.

जुनी थार : २०१० ते २०२० मधली. सीआरडीई इंजिनाची फोर बाय फोर डोंगरासाठी चांगली, पण लांबच्या प्रवासाला कडक आणि मागं बसणाऱ्याचे हाल करणारी. अशा बऱ्याच गाड्या वापरात कमी आणि हौशी बदलात जास्त झिजलेल्या असतात. त्यामुळं कंपनीतून आली तशी राहिलेली गाडी शोधावी, भले रंग उडालेला असेल.

नवी थार : २ ऑक्टोबर २०२० ला आली. क्लिअरन्स २२६ मिलिमीटर. २०२३ च्या जानेवारीत हिचीच फक्त मागच्या चाकांच्या ओढीची, दीड लिटर डिझेलची स्वस्त आवृत्ती निघाली. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून जुन्या बाजारात फसवणूक होते. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा, फोर बाय फोरचा दांडा आहे का हे आधी बघावं.

जिम्नी : २०२३ च्या जूनमध्ये आली. दीड लिटर पेट्रोल, क्लिअरन्स २१० मिलिमीटर, लो गिअरसह फोर बाय फोर. वजन साधारण बाराशे किलो, म्हणून मऊ जमिनीत कमी रुतते आणि फसली तर दोन-चार माणसांत निघते. चार माणसांची गाडी आहे. पोती आणि खतं टाकायची असतील तर ही घेऊ नये.

जिप्सी : १९८५ पासून तीन दशकांहून जास्त काळ बनली, आता बंद आहे. हलकी आणि साधी. लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी स्वस्त सांगतात, पण तिची खासगी नोंदणी झालेली आहे का हे आधी बघावं. "पासिंग नंतर करून देतो" या शब्दावर पैसे देऊ नयेत.

डस्टर एडब्ल्यूडी : २०१४ मध्ये आलेली डिझेल गाडी. रस्त्यावर आरामशीर, माळावर बरी, चारही चाकांना ओढ, पण वेगळा लो गिअर नाही. जुनी स्वस्त मिळते, पण पार्ट आणि कारागीर जवळ आहेत का याची चौकशी आधी करावी.

गुरखा : पुण्याच्या फोर्स कंपनीची. पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलला डिफ लॉक. रानात सगळ्यात तयारीची, पण किमतीने आणि आकाराने सगळ्यांना झेपणारी नाही.

एकटाच फिरणारा असेल तर चारचाकीचा हट्ट तरी कशाला? हिरोची एक्सपल्स २०० ही रानातल्या वाटेसाठी बनवलेली मोटरसायकल २०१९ मध्ये आली. जुनी घेतली तर थारच्या नुसत्या टायरांत आणि विम्यात जेवढे पैसे जातात त्याच्या आसपास काम होतं. हेल्मेट आणि बूट मात्र चांगले घ्यावेत.

नवी घ्यायची तर टॅक्स बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी, किंवा १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी आता १८ टक्क्यांत येते. त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. म्हणून बोलेरो आणि दीड लिटर डिझेलची मागच्या ओढीची थार १८ टक्क्यांत बसते. २.२ लिटरची फोर बाय फोर थार आणि दीड लिटर पेट्रोलची जिम्नी ४० टक्क्यांत जाते. म्हणजे फोर बाय फोरच्या हौसेवर सरकारी कराचाही भार जास्त आहे.

त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. दहा लाखांपर्यंतच्या खासगी डिझेल गाडीला १३ टक्के, पेट्रोलला ११ टक्के. दहा ते वीस लाखांत तोच १४ आणि १२ टक्के. आठ लाखांच्या डिझेल गाडीला नुसता रोड टॅक्स सुमारे १ लाख ४ हजार होतो. म्हणून जाहिरातीतली एक्स-शोरूम किंमत बघून हप्ता ठरवू नये, ऑन-रोड किंमत लेखी मागावी.

डिझेलचा हिशेबही घरी बसून करता येतो. महिन्याला चार सुट्ट्या, दर सुट्टीला दीडशे किलोमीटर, म्हणजे ६०० किलोमीटर. गाडीने बाराचं ॲव्हरेज दिलं तर ५० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी साडेचार हजार. हा खर्च हप्त्याच्या वर आहे.

जुनी घेताना गाडीखाली झोपून बघा

रानात फिरलेल्या गाडीचं खरं वय वरच्या पॉलिशवरून कळत नाही, खालून कळतं. बघायला सकाळी जावं, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवायचं आहे असं समजावं.

- चॅसीवर वेल्डिंग, वाकलेली जागा किंवा ताजा काळा रंग दिसतो का? चॅसीला जोड असेल तर गाडी सोडून द्यावी.
- चालू केल्यावर धूर बघावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.
- गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि ॲक्सलच्या तोंडाला ऑइल गळतंय का? ऑइल दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय.
- फोर बाय फोर मातीवर लावून बघावी, हाय आणि लो दोन्ही. वर्षानुवर्षं न वापरल्याने दांडा जाम झालेल्या गाड्या खूप असतात.
- स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवावी. पुढून कट-कट आवाज आला तर जॉइंट गेलेत.
- सीटखाली, डिकीच्या कोपऱ्यात, बेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटी चिखलाचा थर आहे का? असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला पूर आला, दुसऱ्या जिल्ह्यांतही असे पूर येतात आणि त्यातल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात.
- टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक असल्या तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं.

सोबत आपला मेकॅनिक न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे. आणि सगळे पैसे गाडीतच घालू नयेत. पाच लाखांचं बजेट असेल तर चार लाखांची गाडी बघावी आणि एक लाख टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन आणि नावावर करण्याच्या खर्चाला बाजूला ठेवावा. पहिल्या वर्षात हे पैसे लागतातच.

कागद पक्के तर गाडी आपली

गाडीचा नंबर घेऊन एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर मालकाचं नाव, बोजा, विमा, पीयूसी आणि बाकी ई-चलन बघता येतं. सौदा करायच्या आधी हे पाच मिनिटांचं काम करावं.

बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा दिसला तर आधी तो उतरला पाहिजे. त्याला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडं स्वस्त येतात. टॅक्स आणि नोंदणीचा खर्च धरला की तो स्वस्तपणा बराच कमी होतो.

पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा करावी लागते, त्याची फी आणि पर्यावरण कर वेगळा. वीस वर्षांपुढच्या चारचाकीची ही फी २०२५ मध्ये दहा हजार झाली. तेव्हा दोन लाखांत मिळणारी जुनी कमांडर किंवा मेजर जीप घेताना आरसीवरची शेवटची तारीख आधी वाचावी.

पिवळ्या पाटीची बोलेरो किंवा कॅम्पर पिकअप असेल तर तिची नोंदणी वेगळी आहे. मालवाहू गाडीच्या मागच्या हौद्यात माणसं बसवून फिरायला नेणं कायद्याने चालत नाही आणि अपघात झाला तर विम्याचाही घोळ होतो.

विकणाऱ्यासाठीही सूचना आहे. गाडी दिली तरी आरसीवर नाव आपलंच राहिलं तर अपघाताची भरपाई नाव असलेल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. स्टॅम्प पेपरवरचा "आजपासून जबाबदारी घेणाऱ्याची" हा मजकूर तिथं पुरत नाही. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा.

मोठे टायर, लोखंडी बंपर : थांबा

गाडी घेतली की लगेच मोठे टायर, उंच सस्पेन्शन, लोखंडी बंपर, दहा लाइट लावायची हौस येते. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच सांगितलं. लोखंडी बुल बारवर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच बंदी घातली. दंड तर होतोच, पण विम्याचा दावा अडकतो ते जास्त महागात पडतं. पैसे घालायचेच तर त्याच मापाच्या चांगल्या ऑल टेरेन टायरांत घालावेत. एवढा एक बदल बाकी सगळ्या सजावटीपेक्षा जास्त कामाचा आहे.

कुठं घालायची नाही?

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. तिथला गवताळ माळ मोकळा दिसतो म्हणून गाडी घालायची जागा नाही. माळढोक, चंडोल, टिटवी असे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, चाकाखाली काय गेलं हे चालवणाऱ्याला कळतही नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी नेली तर वन्यजीव कायद्याने गुन्हा दाखल होतो. पेरलेलं रान, दुसऱ्याचा बांध आणि किल्ल्याचा तट इथंही हाच नियम.

वाहत्या पाण्याचं तर नावच काढू नये. कंपनी सांगते ती पाण्यातली खोली थांबलेल्या पाण्यासाठी असते. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी सरकवतं, दोन फूट पाणी मोठी गाडीही उचलतं. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी अलीकडंच लावावी. ओढ्याचं पाणी काही तासांत ओसरतं, तेवढं थांबायला हरकत नाही.

डिकीत एवढं असू द्या

फावडं, दोन जाड फळ्या, हवा भरायचा छोटा पंप, प्रेशर मीटर, ओढायचा जाड पट्टा, टॉर्च आणि पाणी. मऊ जमिनीत टायरची हवा थोडी कमी केली की पकड वाढते, डांबरीवर येताच ती पुन्हा भरावी. गाडी फसली तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नये, चाक आणखी खाली जातं. माती उकरावी, फळी घालावी, हळू काढावी. ट्रॅक्टर बोलावला तर पट्टा गाडीच्या हुकालाच अडकवावा, बंपरला नाही. ओढताना सगळ्यांनी लांब उभं राहावं, कारण ताणलेला पट्टा किंवा साखळी तुटली तर जीव घेते.

थोडक्यात हिशेब असा. वर्षातून चार-पाच वेळाच कच्च्या वाटेवर जायचं असेल तर चांगल्या टायरांची, कागद पक्के असलेली, मागच्या ओढीची गाडी पुरते. दर महिन्याला डोंगर आणि खडकातच जायचं असेल, घरात दुसरी गाडी असेल आणि हप्ता पिकाच्या एका पट्टीवर अवलंबून नसेल, तर फोर बाय फोर घ्यायला हरकत नाही. टोकन देण्याआधी एक काम मात्र करावं : ज्या वाटेसाठी गाडी घ्यायची आहे, त्याच वाटेवर ती घरच्या सगळ्यांना बसवून एकदा चालवून बघावी. मालक त्याला तयार नसेल, तर दुसरी गाडी बघावी.